तिळाचा खाऊ : घरातल्या भट्टीपासून राष्ट्रीय धोरणापर्यंत

(दिल्ली येथे नागरी सेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर मकर संक्रांतीच्या सुमारास दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानासाठी मला 'बालपोषण आणि अर्थव्यवस्था' हा विषय देण्यात आला आहे. येताना मी एक डबा बरोबर आणला आहे. कणीक आणि बेसन तेलाचे मोहन घालून मळले, त्यात भरपूर तीळ घातले, पातळ लाटून पट्ट्या कापल्या आणि ओव्हनमध्ये भाजल्या. माझे बोलणे संपेपर्यंत हा डबा तुमच्यात फिरत राहील. ज्यांना तिळाची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र तो पुढे द्यावा. ही ॲलर्जी काही व्यक्तींमध्ये गंभीर असू शकते. म्हणूनच अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक झाले आहे.

अर्थशास्त्राच्या व्याख्यानात खाऊचा डबा कशाला, असे तुम्हाला वाटेल. माझे म्हणणे असे की, या एका पट्टीच्या मागे शेतमालाचा भाव आहे, स्त्रियांचे श्रम आहेत, वस्तू व सेवा कर आहे आणि अंगणवाडीचे धोरणही आहे. पाठ्यपुस्तकात ही प्रकरणे वेगवेगळी असतात. मुलाच्या डब्यात ती एकत्र येतात.

एका बीजाचा देशव्यापी संसार

तीळ हे भारतीय उपखंडातील सर्वांत जुन्या तेलबियांपैकी एक. हडप्पा येथील उत्खननात तिळाचे जळालेले दाणे सापडले आहेत. 'तेल' हा आपला शब्दच 'तिल'पासून आला आहे. यावरून या पिकाचे जुनेपण लक्षात यावे.

हिवाळ्याच्या दिवसांत देशभर फिरून पाहिले तर प्रत्येक प्रांताने तिळाचा आपापला खाऊ घडविलेला दिसतो. महाराष्ट्र आणि गोव्यात तिळाचे लाडू आणि वड्या, कर्नाटकात एळ्ळु-बेल्ल, तमिळनाडूत एळ्ळु उरुंडै, तेलंगणात तांदळाच्या पिठात तीळ घालून केलेले कुरकुरीत सकिनालू, गयेचा तिलकूट, आसामात माघ बिहूचा तिळपिठा आणि तिळाचे लाडू, गुजरातेत कचरियुं, रोहतकची रेवडी आणि मुरैन्याची गजक. मुरैन्याच्या गजकला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. माझे बालपण ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत गेले. घरी आईच्या हातची तिळाची वडी आणि बाहेर मुरैन्याची कुटलेली गजक, असे दोन्ही संस्कार माझ्यावर आहेत.

या यादीत एक आर्थिक तर्कही आहे. खरिपाचा तीळ पावसाळ्यानंतर घरात येतो, ऊस गाळपाला लागून नवा गूळ बाजारात येतो आणि थंडीत शरीराला अधिक उष्मांक लागतात. हंगाम, उपलब्धता आणि गरज यांचा मेळ सणाने घालून दिला.

पोषणमूल्य : किती खरे, किती अपुरे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम तिळात सुमारे ५६३ किलोकॅलरी ऊर्जा, १८.३ ग्रॅम प्रथिने, ४३.३ ग्रॅम स्निग्धांश आणि १,४५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम. हे दोन आकडे शेजारी मांडून 'तिळात दुधाच्या बारापट कॅल्शियम' असा निष्कर्ष अनेक लेखांत काढलेला आढळतो. परीक्षेत असा निष्कर्ष लिहू नका. एक तर आपण दूध पेलाभर पितो आणि तीळ चमचाभर खातो. दुसरे असे की, तिळातील बहुतांश कॅल्शियम सालीत ऑक्झलेटच्या रूपात असते आणि ते शरीरात सहज शोषले जात नाही. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर ते फारच थोडे उरते.

मग तिळाचे खरे बलस्थान कोणते? पहिले म्हणजे अल्प आकारमानात भरपूर ऊर्जा. लहान मुलाचे पोट लहान असते. पातळ खिचडीने ते भरते, पण ऊर्जेची गरज भागत नाही. दुसरे म्हणजे प्रथिनांची पूरकता. डाळींत लायसिन पुरेसे आणि मेथिओनिन कमी असते. तिळात याच्या उलट स्थिती असते. म्हणून तीळ आणि बेसन एकत्र आले की दोहोंची उणीव भरून निघते. तीळ घालून केलेल्या डाळीच्या चटणीत गृहिणींनी हे शास्त्र फार पूर्वीच वापरले आहे.

दोन सावधगिरीच्या सूचनाही देतो त्याच दमात द्यायला हव्यात. कडक चिक्की किंवा पट्टी चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकते. त्यांना तीळ भाजून, बारीक कुटून लापशीत किंवा भाकरीच्या पिठात घालून द्यावा. आणि गूळ हा साखरेचाच भाऊ आहे. मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. गूळ तिला अपवाद नाही. माझ्या डब्यातील पट्ट्या तिखटमिठाच्या आहेत, त्या याच कारणाने.

आता मोठे चित्र पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, १९.३ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३२.१ टक्के कमी वजनाची होती. २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे ३८.४, २१.० आणि ३५.८ टक्के होते. सुधारणा झाली, पण ती संथ आहे. शिवाय ६ ते ५९ महिने वयोगटातील रक्तक्षयाचे प्रमाण ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर गेले. सर्वांत बोलका आकडा असा की, ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी केवळ ११.३ टक्के मुलांना किमान पुरेसा आहार मिळत होता. तिळाच्या पट्टीने कुपोषण संपेल, असा माझा दावा मुळीच नाही. पण दोन जेवणांच्या मध्ये मूल काय खाते, हा प्रश्न आपण समजतो त्याहून मोठा आहे.

डब्याचा हिशेब

आता पाककृती सांगते. पण ती लिहून घेताना शेजारी हिशेबही मांडा. दीडशे ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम बेसन, पन्नास ग्रॅम न पॉलिश केलेला, हलका भाजलेला तीळ, पंचवीस ग्रॅम तेल, मीठ, जिरे आणि ओवा. तेल पिठाला चोळून घ्यावे. मोहन नीट लागले नाही तर पट्टी खुसखुशीत न होता चिवट होते. बेताच्या पाण्याने घट्ट गोळा मळून पाव तास झाकून ठेवावा. पोळीइतके पातळ लाटून काट्याने टोचावे, म्हणजे पट्टी फुगत नाही. नंतर पट्ट्या कापून १७५ अंश सेल्सियसच्या आसपास पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. ओव्हनमधून काढताना पट्टी किंचित मऊ लागते. गार होताना कुरकुरीत होते. तीळ लवकर करपतो आणि करपला की कडू होतो, म्हणून शेवटची तीन-चार मिनिटे ओव्हनपाशीच उभे राहावे. ओव्हन नसेल तर मंद आचेच्या तव्यावर कापडाने दाबत खाकऱ्यासारखे भाजता येते.

यात दहा मुलांचा खाऊ होतो. त्याच कोष्टकांच्या आधारे हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२० किलोकॅलरी आणि पावणेचार ग्रॅम प्रथिने येतात. खर्चासाठी काही भाव गृहीत धरू : किलोमागे कणीक ४५, बेसन ११०, तीळ २२० आणि तेल १६० रुपये. साहित्याचे सुमारे २७ रुपये झाले. विजेचे ९ रुपये धरले तर एकूण ३६. म्हणजे दर मुलामागे ३ रुपये ६० पैसे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याहून हा खाऊ स्वस्त आहे, असे म्हणून आपण येथेच थांबतो. बहुतेक लेखही येथेच थांबतात.

न मोजलेले श्रम

पण हा हिशेब अपुरा आहे. मळणे, लाटणे, कापणे, भाजणे आणि भांडी घासणे यांत एक तास जातो. तो तास कोणाचा? आठ तासांच्या दिवसाला ४०० रुपये एवढी साधी मजुरी धरली तरी या तासाची किंमत ५० रुपये होते. म्हणजे खाऊचा खरा खर्च ३६ नव्हे, ८६ रुपये. दर मुलामागे ८ रुपये ६० पैसे. साहित्य आणि वीज यांच्यापेक्षा श्रम महाग आहेत. 'घरचे स्वस्त पडते' हे वाक्य खरे वाटते, कारण घरातील स्त्रीच्या वेळेची किंमत आपण शून्य धरतो.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिली होती. मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये घरगुती उत्पादनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला. तरीही आजच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत कारखान्यातील बिस्किट मोजले जाते, आणि आईने स्वतःच्या मुलांसाठी केलेला खाऊ उत्पादनाच्या सीमेबाहेर राहतो. आपल्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली असे दिसत नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. माझी मुलगी शाळेत होती तेव्हा मी महाविद्यालयात शिकवीत होते आणि प्रबंधही लिहीत होते. तिच्या मधल्या सुट्टीच्या डब्यात आठवड्यातून चार दिवस बिस्किटेच असत. एकदा आई ग्वाल्हेरहून आली, तिने डबा उघडून पाहिला आणि काही न बोलता तीळ भाजायला घेतले. मला अपराधी वाटले आणि रागही आला. आज हिशेब मांडताना वाटते, दोन्ही भावना चुकीच्या ठिकाणी खर्च झाल्या. चूक माझीही नव्हती आणि आईचीही नव्हती. सकाळचा तो तास कोणाकडून यावा, हे त्या घरात कोणी ठरविलेच नव्हते. 'घरचाच खाऊ द्या' असा उपदेश करणारे धोरण हा प्रश्न न सोडवता सगळा भार पुन्हा आईवर टाकते.

तीळ विकून बिस्किट

काही वर्षांपूर्वी बुंदेलखंडातील एका गावात पाहणीसाठी गेले होते. तिळाची काढणी सुरू होती. बोंडे पूर्ण वाळली की फुटतात आणि दाणे जमिनीवर सांडतात. म्हणून झाडे थोडी हिरवी असतानाच कापून, पेंढ्या उभ्या करून वाळवतात आणि नंतर झोडपतात. हे काम यंत्राने सहज होत नाही, ते बव्हंशी स्त्रियाच करीत होत्या. शेजारी दोन मुले बसली होती; हातात पाच रुपयांचा पुडा. तुमच्या घरी तिळाचे काही करत नाही का, असे मी त्यांच्या आईला विचारले. ती म्हणाली, "तीळ तर विकायचा असतो, दीदी. घरात राहिला तर उधारी कशी फेडू?"

त्या उत्तरात अर्थशास्त्र पुरेपूर आहे. तीळ हे बहुतांशी कोरडवाहू पीक. देशाची सरासरी उत्पादकता हेक्टरी पाच क्विंटलच्या आसपासच घुटमळते. जोखीम मोठी आणि रोख रकमेची गरज तातडीची. तिळाचा किमान आधारभूत भाव २०१४-१५ मध्ये क्विंटलला ४,६०० रुपये होता. २०२५-२६ च्या खरिपासाठी तो ९,८४६ रुपये झाला. भाव वाढल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, पण त्याच वेळी घरातील तीळ खाणे त्याला 'महाग' पडू लागते. संधी-व्यय ही संकल्पना समजावून सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

पण दुसरी बाजूही मोजू. माझ्या पाककृतीत दर मुलामागे पाच ग्रॅम तीळ लागतो. एक किलो तिळात असे २०० वाटे होतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शैक्षणिक वर्षात किमान २०० दिवस कामकाज व्हावे लागते. म्हणजे एक किलो तीळ घरात राहिला तर एका मुलाच्या संपूर्ण शालेय वर्षाची सोय होते. आधारभूत भावाने त्याची किंमत शंभर रुपयांच्या आत. त्या मातेला हे अज्ञानामुळे जमत नव्हते असे नाही. काढणीच्या आठवड्यात शंभर रुपये मागे ठेवण्याइतकीही उसंत तिला नव्हती. पोषणाचा प्रश्न येथे पतपुरवठ्याचा प्रश्न होतो.

कर, बाजार आणि शाळेचे फाटक

कुटुंबाचा खर्च कसा बदलतो आहे ते पाहा. ग्रामीण भारतात १९९९-२००० मध्ये दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे २२ टक्के वाटा तृणधान्यांचा होता. २०२२-२३ मध्ये तो ४.९१ टक्के झाला. त्याच वर्षी पेये आणि प्रक्रियायुक्त पदार्थांचा वाटा ग्रामीण भागात ९.६२ टक्के आणि शहरी भागात १०.६४ टक्के होता. उत्पन्न वाढले की तृणधान्यांचा वाटा घटणे स्वाभाविकच आहे. पण ती जागा पाकीटबंद खाऊने घ्यावी की डाळी, तेलबिया, दूध आणि फळांनी, यावर मुलांचे आरोग्य ठरते.

करांचाही येथे संबंध येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये चिक्की, रेवडी यांसारख्या पदार्थांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. बिस्किटांवर मात्र १८ टक्के कर राहिला. त्यामुळे पारंपरिक खाऊला करात १३ टक्क्यांचा लाभ मिळत होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील करही ५ टक्के झाला. ग्राहकाला दिलासा मिळाला हे खरे. पण सापेक्ष किमतीतील पारंपरिक खाऊचा लाभ संपला हेही तितकेच खरे. करनिर्णयाचे मूल्यमापन करताना महसूल आणि महागाई यांच्या जोडीला आहारावरील परिणामही तपासला पाहिजे.

नियमनही आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार अतिरिक्त स्निग्धांश, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम योग्य आहे. पण फाटकावरचा पुडा हटविला तर त्या जागी काय ठेवायचे, याचे उत्तर नियमात नसते.

भट्टी सामायिक हवी

ते उत्तर मला माझ्या बालपणात सापडते. त्या काळी घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीपूर्वी आई नानकटाईचे पीठ मळून पत्र्याच्या ताटांसह गल्लीतल्या बेकरीत नेत असे; बेकरीवाला थोडे पैसे घेऊन ती भाजून देई. पिठाच्या गिरणीप्रमाणेच ती भट्टी म्हणजे मोहल्ल्याचे सामायिक भांडवल होते.

हेच तत्त्व बचत गटाला लावा. शंभर मुलांचा खाऊ एकदम केला तर, माझ्या गृहीतकांनुसार, चार तासांचे श्रम पुरतील. दर मुलामागे साहित्य २ रुपये ७० पैसे, इंधन ५० पैसे आणि पूर्ण मजुरी २ रुपये, असे ५ रुपये २० पैसे होतात. घरी ८ रुपये ६० पैसे, गटात ५ रुपये २० पैसे. भट्टीचा घसारा वेगळा धरावा लागेल, तरीही मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा लाभ स्पष्ट आहे. मुख्य म्हणजे यात स्त्रीचा तास मोजला जातो आणि तिला त्याचे पैसेही मिळतात.

याला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या पोषण आहारात ठेकेदार नकोत, ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असा आदेश दिला. केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रिया गहू, सोयाबीन, हरभरा, शेंगदाणे आणि साखर यांपासून 'अमृतम् न्यूट्रिमिक्स' तयार करून लहान मुलांसाठी पुरवीत आल्या आहेत. आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये शालेय भोजनाला शेंगदाण्याच्या चिक्कीची जोड दिली. याउलट २००७-०८ च्या सुमारास शिजवलेल्या जेवणाऐवजी बिस्किटांचे पुडे द्यावेत, अशी मागणी उत्पादकांकडून खासदारांमार्फत पुढे आली होती. राज्यांनी विरोध केला आणि गरम जेवण टिकले. तो निर्णय योग्यच होता. तिळाचा खाऊही जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

मर्यादाही सांगते. पीएम पोषण योजनेत १ मे २०२५ पासून प्राथमिक वर्गांसाठी साहित्याचा खर्च दररोज ६ रुपये ७८ पैसे ठरला. धान्य वेगळे मिळते. त्यातून रोज हा खाऊ देता येणार नाही. पण आठवड्यातून एकदा दिला तर सहा दिवसांवर विभागून दररोज ८७ पैसे पडतात. एवढी तरतूद राज्यांना अशक्य नाही. सणाच्या निमित्ताने समाजाच्या सहभागातून चालणारे 'तिथी भोजन' हाही एक मार्ग आहे. तिळाच्या पट्ट्यात काढणीच्या वेळी गटाने सभासदांकडून रोख भावाने तीळ घेतला तर बुंदेलखंडातील त्या मातेची अडचणही काही अंशी सुटेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या खाद्यतेल-तेलबिया अभियानात तिळाचा समावेश आहे. उत्पादनवाढीचा काही भाग मुलांच्या ताटात कसा जाईल, हा प्रश्न त्या अभियानालाही विचारावा लागेल.

समारोप

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी काही जण एखाद्या जिल्ह्याचा कारभार पाहाल. पोषण आहाराच्या बैठकीत तुमच्यापुढे किलोकॅलरी, प्रथिने आणि दर यांचे तक्ते येतील. त्या तक्त्यात एक स्तंभ बहुधा नसेल : हे काम कोणाच्या हातून होणार, आणि त्या हातांना काय मिळणार? तो स्तंभ तुम्ही स्वतः आखून घ्या. ज्या योजनेत तो कोरा राहतो ती योजना कागदावर स्वस्त दिसते, आणि तिची उरलेली किंमत कोणीतरी स्त्री पहाटे लवकर उठून भरते.

डबा रिकामा होऊन परत आलेला दिसतो. चाळीस पट्ट्या होत्या. पाककृती तुम्ही लिहून घेतलीच आहे. मुलींनी घेतली तशी मुलांनीही घेतली असेल, असे मी गृहीत धरते.